अरबी शिकायला घेताय? इअराबचं थोडं आधीच सांगून ठेवतो

अरबीच्या वर्गात उत्साह पहिल्यांदा ढेपाळतो तो इअराबपाशी. इअराब म्हणजे शब्दाच्या शेवटच्या स्वरातून कळणारी विभक्ती. शाळेत संस्कृतच्या आठ विभक्त्या घोकलेल्यांना इथे तीनच आहेत हे ऐकून हायसं वाटतं. कर्त्याला 'उ' (मर्फूअ), कर्माला 'अ' (मन्सूब), 'फी', 'मिन' अशा अव्ययांनंतर किंवा मालकी सांगताना 'इ' (मजरूर). अनिश्चित नाम असेल तर पुढे 'न': किताबुन, किताबन, किताबिन. मदरशात जबर-जेर-पेश (अ-इ-उ या स्वरांची चिन्हं) गिरवलेल्यांना हे नवं नाही.

गोम अशी की रोजच्या छापील मजकुरात हे स्वर लिहिलेलेच नसतात. कुराण आणि मुलांची पुस्तकं सोडली, तर वर्तमानपत्रात ऱ्हस्व स्वर गाळलेले. त्यामुळे आधी वाक्य उमगायला लागतं, मग शेवट भरता येतो. म्हणून तक्ते पाठ करण्याआधी अक्षरांत दिसणारे शेवट ओळखायला शिका, असं माझं मत आहे. शिक्षक कर्ता असतील तर 'मुदर्रिसून', नाहीतर 'मुदर्रिसीन'. 'अबू'चं (अमक्याचा बाप) 'अबा' आणि 'अबी' होतं. एवढ्यावरही बातमी वाचताना पुष्कळ निभतं.

इअराब नेमकं काय करतो हे मला कुराणातल्या 35व्या सूरेच्या 28व्या आयतीवरून पटलं. तिथे 'अल्लाह' आधी येतो, पण त्याला 'अ' आहे. 'उलमा' शेवटी, त्यांना 'उ'. म्हणजे अल्लाहचं भय बाळगतात ते विद्वान. शब्दांच्या क्रमावर विसंबणारा इथे अर्थ पार उलटा करून बसेल.

दुबईला नोकरीसाठी निघाला असाल तर मात्र यात वेळ घालवू नका, सरळ तिथली बोली धरा. बोलीभाषांतून इअराब जवळजवळ गेलेलाच आहे. प्रमाण अरबीतसुद्धा वाक्य थांबलं की शेवटचा ऱ्हस्व स्वर सहसा उच्चारत नाहीत.

वाचनासाठी शिकत असाल तर 'इन्ना' (खरोखर) आणि 'काना' (होता) हे शब्द लवकर उरका. 'इन्ना' आला की उद्देश्य मन्सूब होतं, 'काना' आला की विधेय. प्रत्येक शब्दापाशी थांबून 'याला हा शेवट कोणी दिला?' असं विचारायचं. देणाऱ्याला व्याकरणात आमिल म्हणतात. सरावाला जुनंच वाक्य घ्या: 'दरबा जैदुन अम्रन', जैदने अम्रला मारलं. बिचारा अम्र व्याकरणाच्या पुस्तकांत शतकानुशतकं मार खातोय.