रुजू होण्याआधी मुख्याध्यापकांची चौकशी करा

शिक्षणसेवक म्हणून नव्याने लागलेली मुलं-मुली पहिला प्रश्न मानधनाचा विचारतात. त्याचं उत्तर शासन निर्णयातच आहे. २०२३ पासून प्राथमिकला १६, माध्यमिकला १८ आणि उच्च माध्यमिकला २० हजार, सेवेचा कालावधी तीन वर्षं. पण ही तीन वर्षं सुखाची जातील की रोज सकाळी पोटात गोळा येईल, हे बरंचसं मुख्याध्यापकांवर ठरतं. म्हणून त्यांची चौकशी आधी करा.

बी.एड.ला आपण मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविनच्या तीन नेतृत्वशैली पाठ करतो: हुकूमशाही, लोकशाही आणि मोकाट सोडणारी. १९३९ चा तो अभ्यास दहा वर्षांच्या मुलांच्या गटांवर झाला होता. हुकूमशाही गटातला नेता खोलीबाहेर गेला की तिथलं काम मंदावायचं. मोठे सर तालुक्याला मीटिंगला गेल्यावर शाळेत काय चालतं ते बघा, शैली लगेच कळते.

माझ्या मते पाठ निरीक्षणातून माणूस सगळ्यात स्पष्ट दिसतो. एका मुख्याध्यापकांनी माझा तास दहा मिनिटं पाहिला, लॉगबुकात ‘फलकलेखन सुधारावे’ लिहिलं आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सही घेतली. पुढे कित्येक दिवस मी फळ्याकडे वळले की हात आखडायचा. दुसऱ्या शाळेतल्या बाई पूर्ण तास मागच्या बाकावर बसल्या. मधल्या सुट्टीत मला रिकाम्या आठवीच्या वर्गात घेऊन गेल्या, त्याच बाकावर बसवलं आणि म्हणाल्या, “इथून तुझी बैजिक राशी वाच बरं.” घातांक दिसतच नव्हते. मग स्वतः खडू घेऊन त्यांनी फळ्याचे तीन भाग पाडून दाखवले. शेरा दोघांचाही एकच होता, पण त्या बाईंच्या हाताखाली मी नववी-दहावीचे जादा तास मागून घेतले.

कडक मुख्याध्यापकांना मात्र घाबरू नका. वेळापत्रक, बदली तास, किरकोळ रजा यांत सगळ्यांना एकच न्याय लावत असतील, तर त्यांच्याकडे काम करणं सोपं जातं. मला जास्त त्रास झाला तो “तुम्हीच बघून घ्या” म्हणणाऱ्यांचा. एकदा एक पालक माझ्यावर ओरडत वर्गात शिरले आणि सर केबिनमधून बाहेरच आले नाहीत.

मुख्याध्यापकांच्याही डोक्यावर संस्थाचालक असतात, संचमान्यतेची (पटसंख्येवरून शिक्षकांची पदं ठरण्याची) टांगती तलवार असते, ‘आजच्या आज माहिती भरा’ असे मेसेज येत असतात. हे लक्षात ठेवलंत तर चिडचिडीतला अर्धा भाग तुमच्यावर नाही, हे कळेल.

खाजगी शाळेत असाल तर १९८१ ची सेवाशर्ती नियमावली एकदा वाचून काढा. गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा असेल तर तो लेखी कळवावा लागतो. तो कागद मागून घ्या, आणि टाचणवही (रोजच्या पाठांच्या तयारीची वही), पाठ निरीक्षणाच्या नोंदी, मिळालेले लेखी आदेश यांच्या झेरॉक्स घरी एका फाइलला लावून ठेवा.