महिंद्रा थारसाठी काढता येणारं हार्डटॉप, म्हणजे फायबरचं कडक छत, घ्यायचं का?

आधी पार्किंग बघा. सोसायटीत काढलेलं छत ठेवायला कोरडी जागा आणि उचलायला दोन-तीन माणसं नसतील, तर ते वर्षभर गाडीवरच राहील. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर रोज पावसात, ट्रकच्या गोंगाटात गाडी चालवणाऱ्याने मात्र जरूर घ्यावं.

घेताना रबर बीडिंग, म्हणजे कडेने पाणी अडवणारं रबर, तपासा. दारात कागदाची पट्टी ठेवून दार लावा आणि पट्टी ओढा. ती सहज सुटली तर पाणी तिथूनच येणार. बोल्ट आधी सगळे हाताने लावा, मग समोरासमोरचे थोडेथोडे आवळा. एकच बाजू घट्ट केली तर फायबरला तडा जाऊ शकतो. घोडबंदरकडच्या खाडीची हवा खारी, म्हणून बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच घ्या. आरसीतल्या नोंदीत फरक पडत असेल तर आधी आरटीओची मंजुरी घ्या, विमा कंपनीलाही कळवा.