मदतनिधीतून मजुरी देण्याआधी

म्हादई नदीला पूर आला की गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या पंचायतींना गाळ काढायला तातडीनं माणसं लावावी लागतात. ही मजुरी आपत्ती मदतनिधीतून द्यायची असेल, तर आधी मंजुरीचा आदेश नीट वाचा: काम कोणतं, तारखा कोणत्या.

खरी गफलत होते ती नेहमीच्या कर्मचाऱ्यांबाबत. ज्या तासांचा पगार पंचायतीच्या नेहमीच्या खर्चातून निघतो, तेच तास मदतनिधीवर पुन्हा दाखवू नका. कोण, कुठल्या वाड्यावर, किती तास राबला, हे हजेरीपटावर त्याच दिवशी लिहून सही घ्या. महिन्यानं आठवून भरलेल्या हजेरीवर कोण विश्वास ठेवणार? मजुरी थेट बँक खात्यात जमा करा. मदतीच्या पैशांचा अपहार झाल्यास 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात 2 वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे.