गोष्टीत पिल्लू हरवलं की पान पटकन उलटू नका

लहान पोरांना पुस्तक वाचून दाखवताना बहुतेक घरांत एक प्रकार हमखास होतो, गोष्टीतलं पिल्लू आईपासून चुकलं आणि आपल्या पोराचं तोंड बारीक झालं की आई-बाबा घाईघाईने "पण मग सापडते हां आई" असं म्हणून दोन पानं पुढे पळतात. माझं ठाम मत आहे की नेमकं त्याच पानावर थांबायचं. भीती, रुसवा, वाट बघणं हे सगळं मुलाला तुमच्या मांडीवर बसून, काहीही धोका नसताना थोडं थोडं चाखायला मिळतं, आणि पुढे खरं काही घडलं तर ते अगदीच अनोळखी राहत नाही.

थांबून काय करायचं? "तुला भीती वाटते का?" असं थेट विचारू नका, मुलं सरळ नाही म्हणतात. "ह्या सशाच्या पोटात आता कसं होत असेल?" असं विचारा. तीन-चार वर्षांच्या मुलांना स्वतःबद्दल बोलणं जड जातं पण सशाबद्दल ती भरभरून बोलतात. विचारलं की गप्प बसा, उत्तर यायला वेळ लागतो. उत्तर कोकणीत आलं, "म्हाका भंय दिसता" (मला भीती वाटते) असं आलं, तरी तिथे मराठी सुधारत बसू नका प्लीज, ते मन मोकळं करतंय. मग तुम्ही हळूच शब्द पुरवा, धाकधूक, हिरमोड, चिडचिड, हेवा. नाहीतर मुलांकडे राग आणि रडू एवढंच असतं. असं गप्पा मारत वाचण्याला डायलॉजिक रीडिंग म्हणतात, अमेरिकेत व्हाइटहर्स्ट नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास १९८८ मध्ये छापला, तो मुख्यतः भाषा वाढण्याबद्दल होता, पण भावनांसाठीही हीच पद्धत मला सगळ्यात सोपी वाटते.

आपल्याकडे गोव्यात कितीतरी घरांत बाबा बोटीवर असतात, महिनोन्महिने. आमच्या शेजारची चार वर्षांची चिमुरडी बाबा गेल्यावर एकच पुस्तक घेऊन यायची, त्यात अस्वलाचं पिल्लू धक्क्यावर बसून होडीची वाट बघतं. त्या पानावर ती होडीवर तळहात ठेवायची आणि पुढे जाऊच द्यायची नाही. आजी बिचारी रोज तेवढंच वाचायची. मग एके दिवशी तिने स्वतःच हात काढला आणि "आता घरी जेवायला जातं ते" असं सांगितलं, जे पुस्तकात नव्हतंच! म्हणून तेच तेच पुस्तक मागितलं तर कंटाळू नका.

पुस्तक निवडताना एवढं बघा की अडचणीतून वाट छोटं पात्रच काढतंय, कोणी परी किंवा मोठं माणूस येऊन सगळं सोडवत नाहीये. शेवटी तात्पर्य असेल तर ते वाचू नका, आणि "बघ, तो रडला नाही, तू पण रडू नकोस" हे तर चुकूनही नको. वेळ पण महत्त्वाची, पोर जमिनीवर लोळून आकांत करतंय तेव्हा पुस्तक काढून काही उपयोग नाही, त्याला आधी जवळ घ्या. विजा-गडगडाटाची गोष्ट मे महिन्यातच सुरू करा, शाळेच्या पहिल्या दिवसाची पण, जूनमध्ये लाईट गेल्यावर काळोखात नाही.

पुस्तकांसाठी खर्च करायलाच हवा असं नाही. पणजीत पाटो भागातल्या कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररीत मुलांचा विभाग आहे, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर ह्या वेबसाइटवर मराठी चित्रपुस्तकं फुकट मिळतात, मोबाईल हातात देण्यापेक्षा प्रिंट काढलेली बरी.

आणि मूल आठवडेच्या आठवडे नीट झोपत नसेल, जेवण तोडलं असेल, खेळणं सोडलं असेल तर गोष्टींवर विसंबून राहू नका, मुलांच्या डॉक्टरांना दाखवा.