मंजुरी येईपर्यंतचा मुक्काम

"सर, रॅट आधी आणून ठेवतो, मंजुरी काय येईलच," असं दरवर्षी एक तरी पीएचडीवाला म्हणतो. तर आधी हेच: आयएईसीची, म्हणजे संस्थेतल्या प्राणी-प्रयोगांच्या नैतिकता समितीची, मंजुरी हातात येईपर्यंत बाहेरून प्राणी मागवायचे नाहीत. पण कधी आपल्याच ब्रीडिंगमधली पिल्लं, कधी संपलेल्या प्रकल्पात न वापरलेले प्राणी हाताशी असतात. ही तयारी त्यांच्यासाठी.

प्राणी कुठून आले, जन्मतारीख, नर-मादी, संख्या आणि जबाबदार माणसाचं नाव रजिस्टरमध्ये चढवा. पिंजऱ्याच्या कार्डावर 'मंजुरी बाकी, प्रयोग नाही' असं ठळक लिहा. 'शेपटीतून फक्त दोन थेंब रक्त' हाही प्रयोगच. आजारी प्राण्यावर पशुवैद्य उपचार करतील, तेवढंच.

खोलीचं तापमान १८ ते २९ अंश, आर्द्रता ३० ते ७० टक्के, बारा तास उजेड आणि बारा तास अंधार. कागदावर हे सोपं दिसतं. मे महिन्यात नागपुरात वीज गेली की कळतं, म्हणून जनरेटर आधीच चालवून बघा. मंजुरीनंतर बाहेरच्या संस्थेतून येणारे प्राणी किमान आठवडाभर वेगळ्या खोलीत, आणि तिथली साफसफाई सगळ्यात शेवटी.

खरी गडबड संख्येची होते. रॅटचा गर्भकाळ साधारण २२ दिवसांचा. समितीची बैठक पुढे ढकलता येते, बाळंतपण नाही. तीन आठवड्यांची पिल्लं आईपासून तोडली की त्याच दिवशी नर-मादी वेगळे करा. एका वेतातले नर एकत्र राहू द्या. वयात आलेले अनोळखी नर, विशेषतः माइसचे (लहान उंदरांचे), एका पिंजऱ्यात घातले की चावाचावी ठरलेली. दर आठवड्याला वजन करा. अर्जात १८० ते २०० ग्रॅमचे रॅट लिहिले असतील, तर महिन्याभरात ते त्या वजनात बसणार नाहीत, आणि ते बैठकीनंतर लक्षात येऊन उपयोग नाही.

पिंजऱ्यात अंथरायचा भुसा निर्जंतुक केलेला हवा. अमोनियाचा वास नाकाला येण्याआधीच तो बदला. बाटलीच्या नळीला रोज बोट लावून पाणी येतंय का बघा, कारण भरलेली बाटलीही अडकलेली असू शकते. गिनी पिगना रॅटचं खाद्य चालत नाही, क जीवनसत्त्व वेगळं लागतं. दिवाळीच्या सुट्टीत कोण कधी येणार, ते नावानिशी दारावर लावा. 'कोणीतरी येईल' म्हटलं की कोणीच येत नाही.

आणि मंजुरी नाकारली गेली तर हे प्राणी कुठे जाणार, ते पशुवैद्यांशी आजच बोलून रजिस्टरमध्ये लिहून ठेवा.