टोपणनाव घ्यावं की नको? आधी कोणापासून लपायचं ते ठरवा

कुसुमाग्रज म्हणजे विष्णु वामन शिरवाडकर, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं, तेव्हा मात्र त्यावरच्या 'विभावरी शिरूरकर' या कोण, यावर तर्क लढवले गेले. त्या लेखिका पुढे मालतीबाई बेडेकर म्हणून ओळखल्या गेल्या. दोन्ही टोपणनावंच, पण एक मिरवायचं आणि दुसरं आडोशाचं. आपल्याला यातलं कोणतं हवंय, हे ठरल्याशिवाय नाव शोधायला बसू नका.

पायरी 1: कारण एका वाक्यात लिहा

"मला टोपणनाव हवंय, कारण…" हे वाक्य कागदावर पुरं करा. रास्त कारणं बरीच आहेत. तुमच्याच नावाचा दुसरा लेखक आधीपासून लिहीत असेल. तुमचं लेखन दोन जातकुळींचं असेल आणि एकाच्या वाचकाने दुसऱ्याकडून भलती अपेक्षा ठेवू नये, असं वाटत असेल. राम गणेश गडकऱ्यांनी कविता 'गोविंदाग्रज' म्हणून लिहिली, विनोदी लेख 'बाळकराम' म्हणून आणि नाटकं स्वतःच्या नावाने.

"लोक काय म्हणतील" एवढंच कारण असेल, तर माझं मत: थांबा. टीका टोपणनावावर झाली तरी ती वाचणारे डोळे तुमचेच असतात. कौतुक मात्र चारचौघांत घेता येत नाही, ही त्यातली खरी मेख.

पायरी 2: यादी करा

ही पायरी घाईने उरकू नका. वाचक, नातेवाईक, वरिष्ठ, प्रकाशक, बँक, करखातं अशी सगळी नावं एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकापुढे "कळलं तर चालेल" किंवा "कळता कामा नये" असा शेरा मारा.

वाचकांपासून आणि सहकाऱ्यांपासून लपणं बऱ्यापैकी जमतं. बँक आणि करखात्यापासून नाही. मानधन शेवटी खऱ्या नावाच्या खात्यातच जमा होणार. नोकरीच्या नियमांत बाहेरच्या लेखनाला परवानगी लागत असेल, तर टोपणनावामुळे ती अट टळत नाही. बदनामीचा दावाही टळत नाही. न्यायालय प्रकाशकाकडे खरं नाव मागू शकतं.

घरच्या माणसांचा प्रश्न सगळ्यांत अवघड. एखादा प्रसंग जगात तिघांनाच माहीत असेल आणि त्यातले एक तुम्ही असाल, तर मुखपृष्ठावर कुठलंही नाव छापा, उरलेले दोघं दोन पानांत ओळखतील. अशा वेळी नाव बदलून भागत नाही, प्रसंगच बदलावा लागतो: माणसं, काळ, नातं, सगळं.

"कळता कामा नये" हा शेरा एकापुढेही पडला नसेल, तर खुशाल खुलं टोपणनाव घ्या. मग पायरी 5 वाचायचीही गरज नाही.

पायरी 3: नाव निवडा

इंटरनेटवर आणि ग्रंथालयाच्या सूचीत ते नाव शोधून पाहा. हयात लेखकाशी मिळतंजुळतं निघालं तर सोडून द्या. मोठ्याने उच्चारा, सही करून पाहा. नाव कल्पित असायला हरकत नाही, पण त्याला खोटं चरित्र चिकटवू नका. न जगलेले अनुभव मलपृष्ठावर स्वतःचे म्हणून सांगितले, की ती वाचकाची फसवणूक होते, आणि उघडकीला आल्यावर पुस्तकही सोबत बुडतं.

पायरी 4: करार खऱ्या नावाने

करारात कायदेशीर नाव, त्यापुढे टोपणनाव आणि "खरं नाव लेखी संमतीशिवाय उघड करू नये" असं कलम घालून घ्या. टोपणनावामागे आपणच आहोत हे सिद्ध करण्याची वेळ येऊ शकते. इंग्रज लेखिका ब्राँटे भगिनी 'बेल' या आडनावाने लिहीत. तिन्ही बेल म्हणजे एकच लेखक, अशी आवई उठल्यावर 1848 मध्ये शार्लट आणि ॲन यांना लंडनला प्रकाशकापुढे जाऊन उभं राहावं लागलं.

स्वामित्वहक्काची मुदतही नावावर अवलंबून असते. स्वामित्वहक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार टोपणनावाच्या कृतीला ती प्रकाशित झाल्यापासून किमान 50 वर्षं संरक्षण मिळतं. त्या मुदतीत लेखकाने ओळख उघड केली, किंवा तो कोण याबद्दल मुळातच शंका नसेल, तर हयातभर आणि मृत्यूनंतर किमान 50 वर्षं.

पायरी 5: धागेदोरे तोडा

हस्तलिखिताच्या फाइलचे गुणधर्म उघडून पाहा. 'लेखक' या रकान्यात संगणकाने तुमचं खरं नाव केव्हाच भरून ठेवलेलं असतं. समासातल्या शेऱ्यांवरही तेच. दोन्हीकडून काढून टाका. ईमेल वेगळा ठेवा, फोटो देऊ नका. ऋणनिर्देशात सगळ्या घरादाराचे आभार मानायचा मोह आवरा.

एवढं करूनही गोष्ट फुटते ती बहुधा माणसांकडून. 'रॉबर्ट गॅलब्रेथ' म्हणजे 'हॅरी पॉटर'च्या लेखिका जे. के. रोलिंग, हे 2013 साली बाहेर आलं ते त्यांच्या वकिलांच्या फर्ममधल्या एका भागीदाराने पत्नीच्या मैत्रिणीला सांगितल्यामुळे. त्यानंतर दोन्ही नावांच्या पुस्तकांतल्या भाषेची संगणकावर तुलनाही झाली. लेखकाच्या लकबी लपत नाहीत. दर तिसरं वाक्य 'अर्थात'ने सुरू करायची सवय दोन्ही नावांखाली तशीच राहते. म्हणून गुपित जितक्या कमी कानांवर जाईल तितकं बरं.

पायरी 6: फुटलं तर, आणि आपल्यामागे

विचारणाऱ्याला काय सांगायचं, ते दोन ओळींत आधीच लिहून ठेवा. "हो, मीच" एवढंही पुरतं. गडबडीत केलेला इन्कार पुढे जास्त महागात पडतो. आणि एक बंद पाकीट तयार करा: त्यात कराराची प्रत, टोपणनाव आणि प्रकाशकाचा पत्ता असू द्या. ते पाकीट कुठे आहे हे वारसांपैकी एकाला तरी माहीत हवं, नाहीतर तुमच्या पश्चात मानधनावर हक्क सांगायला कोणी पुढे येणार नाही.