पगारातून टीडीएस किती कापायचा? एक्सेलवर करायचा हिशोब

छोट्या ऑफिसात पगार काढणाऱ्याला दर महिन्याला एकच प्रश्न पडतो, याचा टीडीएस या महिन्यात किती कापू? आणि घोळ तिथूनच सुरू होतो, कारण पगारावरचा टीडीएस, म्हणजे पगार देतानाच कापून सरकारकडे भरायचा टॅक्स, बघायचा असतो अख्ख्या वर्षाचा. आयकर कायदा १९६१ चं कलम १९२ म्हणायचं की माणसाचं वर्षभराचं उत्पन्न अंदाजे काढा, त्यावर टॅक्स काढा आणि तो पगार देताना थोडा थोडा कापत जा. भाड्यावर किंवा प्रोफेशनल फीवर असतो तसा ठरलेला दर इथे नाही. खालचे सगळे आकडे २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवीन कायदा लागू झाल्याने कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदलले, हिशोब करायची रीत तीच आहे.

एप्रिलमध्ये सगळ्यात आधी प्रत्येकाला मेल टाकून विचारायचं, जुनी रेजीम (टॅक्स मोजायची पद्धत) की नवी? उत्तर आलंच नाही तर नवी धरायची, तीच डिफॉल्ट आहे. तोंडी "बघू नंतर" चालवून घेऊ नका, मार्चमध्ये तोच माणूस तुमच्या डेस्कसमोर उभा राहतो.

आता उदाहरण घेऊ. महिन्याला १,२५,००० ग्रॉस (काही कापायच्या आधीचा पगार), म्हणजे वर्षाचे १५,००,०००. नव्या रेजीममध्ये स्टँडर्ड डिडक्शन (प्रत्येक पगारदाराला मिळणारी ठरलेली वजावट) ७५,००० वजा केलं की राहिले १४,२५,०००. पहिल्या ४ लाखांवर शून्य, ४ ते ८ वर ५ टक्के म्हणजे २०,०००, ८ ते १२ वर १० टक्के म्हणजे ४०,०००, आणि वरच्या २,२५,००० वर १५ टक्के म्हणजे ३३,७५०. (पुढे १६ ते २० लाखांना २०, २० ते २४ ला २५ आणि त्यावर ३० टक्के.) बेरीज ९३,७५०, त्यावर ४ टक्के सेस (टॅक्सवरचा जादा कर) ३,७५०, एकूण ९७,५००. भागिले १२, महिन्याला ८,१२५.

पण हे ८,१२५ एकदा टाईप करून वर्षभर खाली ड्रॅग केलं की तुम्ही फसलात. दर महिन्याला शीटने परत हिशोब करायला हवा: वर्षाचा एकूण टॅक्स वजा आतापर्यंत कापलेला, भागिले या महिन्यासकट उरलेले महिने. समजा ऑक्टोबरात दिवाळीचा १,२०,००० बोनस दिला. आता करपात्र रक्कम झाली १५,४५,००० आणि टॅक्स सेससकट १,१६,२२०. सहा महिन्यांत ४८,७५० कापून झालेत, उरले ६७,४७०, ते सहा महिन्यांत वाटले की महिन्याला ११,२४५. काही कंपन्या बोनसवरचा सगळा टॅक्स, इथे १८,७२०, त्याच महिन्यात कापतात. मला तेच बरं वाटतं, कारण बोनस हातात असताना कापलेलं टोचत नाही आणि माणूस डिसेंबरात सोडून गेला तर मागे लागायला नको.

१२ लाखांच्या सीमेवरचे लोक सगळ्यात जास्त भांडतात. नव्या रेजीममध्ये करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७अ चा रिबेट (टॅक्समधली सूट) टॅक्स शून्य करतो, म्हणजे पगार १२,७५,००० पर्यंत काही कापायचं नाही. पगार १२,९५,००० असेल तर करपात्र १२,२०,०००, स्लॅबने टॅक्स ६३,००० येतो पण मार्जिनल रिलीफमुळे तो १२ लाखांच्या वर जेवढे गेलात तेवढाच, म्हणजे २०,०००, सेस धरून २०,८००. घरी बनवलेल्या एक्सेलमध्ये ही अट बहुतेक वेळा नसते आणि बिचाऱ्याचे ६५,५२० कापले जातात, तेव्हा आधी हे तपासा.

मधेच जॉइन झालेल्याकडून फॉर्म १२बी घ्या, म्हणजे आधीच्या कंपनीचा पगार आणि कापलेला टीडीएस कळतो. समजा आधीच्या कंपनीत सहा महिने दरमहा १,२०,००० होते आणि त्यांनी ७,३४५ प्रमाणे ४४,०७० कापले. तुमच्याकडे ऑक्टोबरपासून १,४०,०००. फक्त तुमचे सहा महिने बघितले तर टॅक्स शून्य दिसतो! दोन्ही मिळून मात्र १५,६०,०००, स्टँडर्ड डिडक्शन एकदाच, टॅक्स १,०६,८६०. म्हणजे ६२,७९० कमी कापले गेले आणि रिटर्न भरताना त्याला ते व्याजासकट भरावे लागतात.

जुन्या रेजीमवाल्यांचं काम जास्त किचकट. ८०सी (पीपीएफ, विमा वगैरे गुंतवणुकीची वजावट) चे दीड लाख, मेडिक्लेम, घरभाडं, सगळं फॉर्म १२बीबी वर पुराव्यासकट घ्यायचं. एचआरएच्या (पगारातल्या घरभाडे भत्त्याच्या) सवलतीसाठी तीन रकमांमधली सगळ्यात कमी धरायची: मिळालेला एचआरए, भाडं वजा बेसिकच्या (मूळ पगाराच्या) १० टक्के, किंवा बेसिकच्या ५० टक्के, ही ५० मुंबईत, पुण्यात २०२५-२६ मध्ये ४०. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन मागायचा. आपल्या महाराष्ट्रातला २,५०० प्रोफेशन टॅक्स पण इथेच वजा होतो, नव्या रेजीममध्ये नाही. पुरावे जानेवारीतच मागून घ्या, नाहीतर सगळा फरक मार्चच्या एकट्या पगारावर येतो.

कापलेला पैसा पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. उशीर झाला तर महिन्याला दीड टक्का व्याज, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात, म्हणजे ३१ ऑक्टोबरला कापलेला ८ नोव्हेंबरला भरला तर दोन महिन्यांचं, ३ टक्के. मग तिमाही २४क्यू (पगारावरच्या टीडीएसचं विवरणपत्र), तो लेट झाला तर दिवसाला २०० रुपये, आणि १५ जूनपर्यंत सगळ्यांना फॉर्म १६ (कापलेल्या टीडीएसचं सर्टिफिकेट).